झावळीला कोण बंदी घालणार?

कृपाबाई साळवे फार गोड बाई होत्या असं लालबागमध्ये कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं विचारलं असतं, कुठल्या कृपाबाई? मिलच्या पाळणाघरात आयाचं काम करणाऱ्या, त्या तर नव्हेत ना? कारण त्या कृपाबाईंना सगळी चाळ ओळखत होती ती त्यांच्या तोंडामुळे. वाइंडिंग खात्यातल्या बायका पाळीवर येताना कडेवरची पोरं पाळणाघरात सोडायच्या, आणि पोरानं दिवसभर निपचित पडून राहावं म्हणून घरूनच त्याला अफूची बाळगोळी चाटवून आणायच्या. कृपाबाई आल्या आल्या पोराची पापणी वर करून बघायच्या. डोळ्यातली बाहुली बारीक दिसली की त्या आईची धडगत नसे. "गोळी दिलीस व्हय? आण ती डबी इकडं. रडू दे की पोराला! रडतंय ते पोर जितं असतंय. मी हाय ना ऐकायला." डबी गटारात जायची. बाई शिव्या मोजत खात्यात जायची आणि संध्याकाळी टक्क डोळ्यांचं पोर घेऊन घरी जायची. लालबाग-काळाचौकीतली निम्मी पोरं अशी कृपाबाईंच्या मांडीवर भोकाड पसरून मोठी झाली होती.

माणूस नगरकडचं. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं पाणी तोडलं होतं, ती गोष्ट घरात तिसऱ्या पिढीलाही तोंडपाठ होती. मुंबईत आल्यावर पाण्याचा नळ सगळ्यांचा एकच, पण टोमणे निराळे. "तुमचं बरं आहे, तुम्ही साहेबाच्या धर्माचे," असं कुणी म्हणालं की कृपाबाई फणकारायच्या, "साहेब गेला की बोटीत बसून! आम्ही गेलो का? आमचा देव सुतार होता, त्याला कोण बोटीत घेतंय."

नवरा दावीदराव मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. क्षयानं गेला तेव्हा मुलगा अजून शाळेत होता. बापानं मोठ्या हौसेनं त्याचं नाव शांतवन ठेवलं होतं. त्या पोराला बाईंनी एकटीनं वाढवलं, परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर केलं. पोरगा हसरा, आणि हाताला ताल असलेला. परळच्या त्यांच्या छोट्या देवळात, म्हणजे तुमच्या-आमच्या भाषेत चर्चमध्ये, भजनाला मृदंग तोच वाजवायचा. तो त्याला शिकवला हेमचंद्र मास्तरांनी. हे मास्तर मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मंडळीच्या, म्हणजे त्या देवळाच्या समाजाच्या, पंचांतले मोठे पंच. पण मास्तरांच्या शागिर्दाचा हात देवळापुरता थोडाच थांबणार? चाळीच्या गणपतीतही ढोलकी शांतवनाचीच असे. पंचांच्या कपाळाला आठ्या पडत. शांतवन म्हणायचा, "मास्तर, वाजवणं तुम्हीच शिकवलंत. थांबणं नाही शिकवलंत."

छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली. मिलचे भोंगे वाजले, पण माणसं आत जायच्याऐवजी रस्त्यावर आली. लालबागच्या नाक्यावर गोळ्या सुटल्या. शांतवन त्या सकाळी स्वतःच्या पायानं, भाकरी खाऊन, आईला सांगून खाली उतरला होता. दुपारी त्याला चाळीतल्या लोकांनी एका दारफळीवर घालून आणला.

शेजारचा गुणाजी, हा मालवणी गडी, मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेत पुढे. तो फळीचं एक टोक धरून होता आणि धाय मोकलून रडत होता. कृपाबाई रडल्या नाहीत. शिवडीच्या कबरस्तानात माती देताना पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, मेलेले पुन्हा उठतील हे पुनरुत्थानाचे शब्द उच्चारले, तेव्हा मंडळीनं आमेन म्हटलं, कृपाबाईंनी म्हटलं नाही.

तिथून पुढे दर रविवारी त्या देवळात जात राहिल्या. पहिल्या बाकावर बसत. गाणं सुरू झालं की सगळे उभे राहत, त्याही उभ्या राहत, पण ओठ मिटलेले. प्रार्थनेला मान खाली नाही. नजर समोरच्या क्रूसावर, जाब विचारल्यासारखी. गुणाजीची बायको बकुळा त्यांची जिवाभावाची. तिनं एकदा भीत भीत विचारलं, "मावशे, देवाशी रागावलंस तर मगे देवळात कित्याक जातंस?"

"नवऱ्याशी अबोला धरला म्हणून बाई घर सोडती का गं?" कृपाबाई म्हणाल्या. "बोलणार न्हाई त्याच्यासंग. पण उठून जाणार बी न्हाई. त्यानं मला वचन दिलंय, लेक परत मिळंल म्हणून. ते घेतल्याबिगर मी हालत न्हाई."

त्या मंडळीची एक जुनी रीत होती. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला आणि रस्त्यावरच्या साध्या लोकांनी झाडाच्या फांद्या हलवत त्याचा जयजयकार केला, त्याची आठवण. मंडळी माडाच्या झावळ्या घेऊन "होसान्ना" म्हणत परळहून निघायची, लालबागच्या नाक्याला वळसा घालून देवळात परतायची. आणि मिरवणूक परतली की पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहून वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्यानं घ्यायचे. नाव घेतलं की त्या घरचा माणूस आपली झावळी वेदीपाशी ठेवायचा. दावीदरावांचं नाव घेतलं गेलं तेव्हा झावळी ठेवायला लहानगा शांतवन गेला होता, झावळी त्याच्याहून उंच होती.

झावळ्या दरवर्षी कृपाबाईच आणायच्या, प्रभादेवीच्या एका वाडीतून. त्या वर्षीही त्या आठवड्याभर आधी वाडीवालीला सांगून आल्या आणि मग पंचांच्या सभेला जाऊन बसल्या.

हेमचंद्र मास्तरांनी चष्मा पुसला. हा माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या मान्यतेची, मंडळीच्या नावाची, सरकारच्या मर्जीची काळजी करून करून त्याच्या पाठीचा कणा जरा मऊ झाला होता. ते म्हणाले, "कृपाबाई, दिवस बरे नाहीत. चार माणसं जमली की पोलीस शिट्टी फुंकतात. यंदा मिरवणूक रस्त्यावर न्यायची नाही. देवळातच आतल्या आत एक फेरी मारू."

"बरं. आन् नावं?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पाळकसाहेब, तरुण आणि भिडस्त माणूस, टेबलावरची धूळ बोटानं पुसू लागले.

"नावं घ्यायची," मास्तर शेवटी म्हणाले, "पण शांतवनाचं... असं बघा, तो दंगलीत गेला. सत्ताधाऱ्यांच्या अधीन असावं असं शास्त्र सांगतं. लोक म्हणतात, त्याच्या हातात धोंडा होता."

कृपाबाई उभ्या राहिल्या. "असंल. नसंल. मी तिथं नव्हते, तुमी बी नव्हता. हातात धोंडा असला तरी तो माझाच लेक, आन् माझ्याआधी देवाचा. मास्तर, त्या दिवशी यरुशलेमेत बी तुमच्यासारखे शहाणे होतेच की. म्हणाले, गुरुजी, ह्या लोकांना गप करा. तवा प्रभू काय म्हणला? ह्यांना गप केलं तर धोंडे वरडतील! मी त्याच्यासंग बोलत न्हाई म्हणून त्याचं बोललेलं इसरले न्हाई." आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "तुमी आत फेऱ्या मारा घाण्याच्या बैलावानी. मी नाक्यावरनं येणार. एकटी."

शनिवारी संध्याकाळी त्या प्रभादेवीहून दहा-बारा झावळ्यांचा भारा घेऊन आल्या. एकटीला एक पुरली असती, पण वाडीवालीला सांगून ठेवलं होतं आणि कापलेली झावळी परत झाडाला लागत नाही. एरवी भारा थेट देवळात जायचा, यंदा पहिल्यांदाच चाळीत आला; सुकू नये म्हणून त्यांनी तो नळाखालच्या मोरीत उभा करून ठेवला.

आता कोकणातल्या माणसाला झावळ्यांचा ढीग दिसला की त्याला एकच सुचतं. बकुळा कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "मांडव कोणाचो गे मावशे? लगीन कोणाचा?"

"लगीन नव्हं. उद्या सकाळी ह्या घेऊन नाक्यावरनं जाणार मी."

"नाक्यावरसून? पोलीस?"

"असू देत की पोलीस. झावळीनं काय व्हतंय त्यांना?"

बकुळानं हे घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि गुणाजीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. उजेड चुकीचा होता, पण लख्ख होता. गुणाजी दरवर्षी ती मिरवणूक नाक्यावरून जाताना बघत होता, पण रविवारी सकाळी तो अर्धवट झोपेत असे आणि ती कसली हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. यंदा त्याला वाटलं, कृपामावशीनं मोर्चा काढायची नवी युक्ती शोधलीय. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "झेंड्याक बंदी, फलकाक बंदी. झावळेक कोण बंदी घालतलो? काय डोक्याची बाई! लेकासाठी करता गो ती." आणि चहाही न पिता तो चाळभर निरोप देत सुटला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निरोपाला त्या दिवसांत पाय नव्हते, पंख होते. रात्रीतून प्रभादेवीच्या वाड्यांतले माड बोडके झाले असतील तर नवल नाही.

सकाळी कृपाबाई पांढरं लुगडं नेसून, खांद्यावर एक झावळी टाकून जिना उतरल्या आणि थबकल्या. चाळीचं अंगण हिरवंगार. गुणाजी, बकुळा, वाइंडिंगच्या बायका पोरं कडेवर घेऊन, साचेखात्यातले बाप्ये काळ्या टोप्या घालून, कुणाच्या कपाळी गंध, कुणाच्या गळ्यात माळ, आणि प्रत्येकाच्या हातात झावळी. गुणाजीनं मूठ उगारून आरोळी ठोकली, "संयुक्त महाराष्ट्र..." आणि अंगण गरजलं, "झालाच पाहिजे!"

"ए मुडद्या!" कृपाबाई कडाडल्या. "ह्यो काय मोर्चा हाय?"

गुणाजीची मूठ वरच राहिली. "नाय?"

"आमचा सण हाय ह्यो. झावळ्यांचा इतवार. प्रभूची मिरवणूक."

सगळं अंगण गुणाजीकडे बघू लागलं. गुणाजी झावळीकडे बघू लागला. आयुष्यात एवढं खजील त्याला मिलच्या जॉबरनंही केलं नव्हतं. माणसं आता परतायची, एक-दोघं वळलीही होती. कृपाबाईंनी त्या गर्दीकडे पाहिलं. ही त्यांच्या मांडीवर रडलेली पोरं, ह्या त्यांच्या शिव्या खाल्लेल्या आया. त्यांचे स्वतःचे लोक देवळात दारं लावून बसले होते आणि हे चुकून का होईना, बाहेर उभे होते. बाईंचा राग तिथल्या तिथे ओसरला.

"आलात तसे चला," त्या म्हणाल्या. "पर आज म्हणायचं ते माझ्या देवाचं म्हणायचं. होसान्ना म्हणायचं. दुसरं न्हाई."

"म्हणूया की," गुणाजी म्हणाला. "पण ह्येचो अर्थ काय, मावशे? अर्थ कळल्याशिवाय घसो फुटणा नाय."

"म्हंजे, वाचव रं बाबा. आत्ताच्या आत्ता वाचव."

गुणाजीनं क्षणभर विचार केला. "अगे, मगे ह्या आमचाच आसा!" आणि वळून अशी आरोळी दिली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "होसान्नाऽऽ!" अंगणानं ती उचलली. यरुशलेमेतही ती मालवणी हेलात कुणी म्हटली नसेल, पण त्यात खोट काही नव्हती.

मिरवणूक निघाली. पुढे कृपाबाई, मागे हिरवं रान. लोक घोष करत होते, पण बाईंचे ओठ मात्र मिटलेलेच. मिरवणूक त्यांची, देव त्यांचा, आणि अबोलाही त्यांचाच. त्या ताठ मानेनं चालत होत्या आणि मनात म्हणत होत्या, बघ, तुला मानणाऱ्यांनी नव्हं, तुला न ओळखणाऱ्यांनी तुझ्या नावाची आरोळी दिलीय. आता तरी लाज राख.

नाक्यावर पोलीस आडवे आले. फौजदार जवान होता, मिशी नवी. "कसला मोर्चा हा? कुणाच्या परवानगीनं?"

"मोर्चा न्हाई साहेब. आज आमचा सण. देवळात चाललोय."

फौजदारानं गुणाजीच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर नजर टाकली. "हे सगळे ख्रिस्ती कधी झाले?"

"ती माझी माणसं हायेत. माझ्या राजाच्या मिरवणुकीत जात इचारून घेत न्हाईत."

"आणि ही घोषणा कसली?"

"वाचव म्हणतोय."

"कुणापासून?"

कृपाबाईंनी त्याच्या कमरेच्या पिस्तुलाकडे पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडे. "ते तुमी ठरवा. ह्या कोपऱ्यावर माझा लेक पडला. त्या पानपट्टीपाशी. शांतवन त्याचं नाव. फिटर होता."

फौजदाराची नजर पानपट्टीकडे गेली आणि तिथून पटकन परत आली. त्या दिवशी तो तिथे होता की नव्हता, कुणाला ठाऊक. एका बाजूला पोरं कडेवर घेतलेल्या बायका, दुसऱ्या बाजूला वरून आलेला हुकूम, मध्ये त्याची नवी मिशी. त्यानं तोडगा काढला. "बरं, जा. पण तोंडानं आवाज नको. गपचूप चालायचं. एक शब्द ऐकू आला तर लाठी चालेल."

मागचे सगळे गप्प झाले. लाठीची भाषा लालबागला शिकवावी लागत नव्हती. गुणाजीनंही झावळी खाली केली.

गपचूप. कृपाबाईंच्या कानात तो शब्द शिरला आणि आत कुठेतरी जाऊन आदळला. ह्या लोकांना गप करा. मास्तरांनी तेच म्हटलं होतं, फौजदार तेच म्हणत होता, आणि जानेवारीपासून त्या स्वतः तरी दुसरं काय करत होत्या? त्यांनीच स्वतःचं तोंड शिवलं होतं. देवावर सूड म्हणून शिवलं, आणि लेकाला गप्प करणाऱ्यांचंच काम सोपं केलं. पाळणाघरात त्या म्हणायच्या, रडतंय ते पोर जितं असतंय. आणि इथे आपण अफू चाटल्यासारख्या निपचित! त्यांना स्वतःची चीड आली, फौजदाराची आली, देवाचीही आली, आणि त्या चिडीसकट त्यांनी झावळी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

"होसान्ना!"

आवाज फाटका निघाला. इतके दिवस वापरात नव्हता. त्यांनी पुन्हा लावला. "होसान्ना! वाचव रं! माझ्या लेकाला उठव! आयकतोस का न्हाई?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. फळीवर लेक आला त्या दुपारी न आलेलं रडू भर नाक्यावर, पोलिसांच्या तोंडापुढे आलं, आणि त्या रडत रडत सरळ चालू लागल्या. कडेवरचं एक पोर भ्यालं आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून भोकाड पसरलं. मागून बकुळाचा आवाज आला, मग गुणाजीचा, मग सगळ्यांचा. फौजदाराचा हात वर गेला. तो वरच राहिला, कारण अशी रडती आई अंगावर चालून आली तर बाजूला होण्यापलीकडे माणसाला काही शिकवलेलं नसतं. तो बाजूला झाला.

देवळात मंडळीची आतल्या आत फेरी आटोपली होती. पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहून नावं घेत होते आणि रस्त्यावरून जवळ येणारा गलका सगळ्यांना ऐकू येत होता. दार उघडलं. कृपाबाई आत आल्या आणि मधल्या वाटेनं वेदीपासून चार हातांवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे दारात, पायऱ्यांवर, खिडक्यांत झावळ्याच झावळ्या. पाळकसाहेबांनी शेवटचं नाव घेतलं. एक झावळी ठेवली गेली. त्यांनी यादी मिटली.

"पाळकसाहेब," मागच्या बाकावरून आवाज आला. हेमचंद्र मास्तर उभे होते. चष्मा हातात. "एक नाव राहिलं. मी राहू दिलं होतं. मृदंग... माझा मुलगा होता तो, शिकवणीनं. घ्या नाव. जे व्हायचं ते शाळेचं होईल."

पाळकसाहेबांनी श्वास घेतला आणि त्या भिडस्त माणसाचा आवाज पहिल्यांदाच देवळाच्या छताला लागला. "शांतवन दावीद साळवे!"

इथे काय म्हणायचं असतं ते दारातल्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांना सकाळपासून एकच शब्द ठाऊक होता. त्यांनी तो म्हटला, आणि मंडळीच्या आमेनपेक्षा कितीतरी मोठ्यानं म्हटला. कृपाबाईंनी झावळी वेदीपाशी ठेवली, वर क्रूसाकडे पाहिलं, आणि जानेवारीत शिवडीला राहिलेलं आमेन म्हणून टाकलं.

त्यानंतर दरवर्षी त्या रविवारी चाळ निघत राहिली. कुणाचा धर्म बदलला नाही, पण झावळ्या काढायला प्रभादेवीला गुणाजी स्वतः जायचा. पुढे साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, लालबागमध्ये पेढे वाटले गेले. पुढल्या साली झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी गुणाजी कृपाबाईंच्या दाराशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"मावशे, आता महाराष्ट्र झालो. आता आणखी कित्याक गो झावळे? मागण्यासारख्या काय रवला?"

कृपाबाई पोळपाट बाजूला सारून उठल्या. केस पांढरे झाले होते, तोंड तसंच होतं.

"तुझा महाराष्ट्र मिळाला रं गुणाजी. माझा लेक कुठं मिळालाय अजून? देवानं वचन दिलंय, आन् मी ते सोडायची न्हाई. त्यो मिळंस्तोवर दर साली नाक्यावर जाऊन वरडणार मी. जा, झावळ्या घेऊन ये. आन् बघून आण, हिरव्या आण."

गुणाजी टोपी घालून प्रभादेवीकडे निघाला.